पंचमीच्या सह्या

खिळ्याला अडकवलेली पिठाची चाळणी खाली पडली आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर गोल गोल फिरत राहिली. दुपारचे दोन वाजले असतील. सगळं घर निजलेलं. ती फिरायची थांबेपर्यंत मी श्वास धरून बसले. माझी लेक संस्कृती जागी झाली असती तर माझी तासाभराची दुपार तिथंच संपली असती. तिनं फक्त कूस बदलली आणि माझ्या मांडीला टेकवलेला पाय तसाच ठेवला. मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. एवढ्या वेळात अर्धंच वाक्य झालं होतं. 'मी, वैष्णवी शिवशंकर, खरं सांगते की', आणि पुढे कोरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी गावात चौकशीला येणार होते. त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती. नागपंचमीच्या दिवशी आमच्या गावात महिलांची ग्रामसभा झाली होती की नाही. झाली होती असं ठरलं, तर गावाच्या वरच्या अंगाचं बावीस एकर गायरान सौर प्रकल्पाला जाणार. झाली नव्हती असं ठरलं, तर पहिला प्रश्न येणार, मग रजिस्टरवरच्या या अडतीस सह्या घेतल्या कुणी.

त्या मी घेतल्या होत्या.

मी वडवणीच्या एका छोट्या संस्थेचं काम करते. महिन्यातून दोनदा गावातल्या बायकांची बैठक घ्यायची, रेशन, अंगणवाडी, ग्रामसभा यांबद्दल सांगायचं, कुणाचा अर्ज असेल तर लिहून द्यायचा. हे काम मला मोहिनीताईंनी शिकवलं. संस्था त्याच चालवतात. पहिल्याच शिबिरात त्यांनी सांगितलं होतं, कागदावर सहीच्या वर मोकळी जागा दिसली तर तिच्यात आधी आडवी रेघ मारायची, मगच सही करायची. हे मी गावात इतक्या वेळा सांगितलंय की बाया माझी नक्कल करतात. नळावर मी दिसले की एखादी म्हणणारच, "रेघ मारा गं बायांनो, रेघ."

आणि तीच रेघ मी मारली नाही.

आमच्याकडे महिलांची ग्रामसभा भरत नाही. भरते ती रजिस्टरात. ग्रामपंचायतीचा शिपाई शहादेव दारोदार फिरतो, बाया पदराला हात पुसून सही करतात, पुन्हा भाकरीला बसतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. यंदाच्या पंचमीला तो रजिस्टर घेऊन माझ्याकडेच आला. म्हणाला, "वहिनी, तुमी बायांत फिरताच. तुमीच घ्या की सह्या. मला बाया घडीभर दारात उभं करत्यात."

मला आनंदच झाला. हातपंपाजवळ बायकांसाठी न्हाणीघरं बांधा म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. वाटलं, रजिस्टर आपल्या हातात आलं म्हणजे आपली मागणीही त्यात येणार. पानावर वर तारीख होती, खाली सह्यांच्या ओळी, आणि मध्ये वीतभर जागा कोरी. ती मला दिसली होती. दिसली नाही असं म्हणायची सोय नाही. मला वाटलं, ती जागा आपल्या न्हाणीघरांची आहे.

शाळेच्या मैदानातल्या लिंबाला झोका बांधला होता. माहेरवाशिणी आल्या होत्या, हातांवर मेंदी होती. मी झोक्यापाशीच बसले. आधी सही, मग झोका. गयाकाकू सत्तरीच्या, पण दोनदा बसल्या. दीड तासात पान भरलं. सत्यभामामावशी तेवढ्या आल्या नव्हत्या, म्हणून संस्कृतीला काखेत घेऊन मी गायरानावर गेले. त्या आणि त्यांचा नवरा म्हाळू, दोघांची पासष्ट मेंढरं त्या रानावर जगतात. गावात त्यांना गुंठाभर शेत नाही.

मावशींनी विचारलं, "कशाचं हाय?"

मी म्हणाले, न्हाणीघराचं.

"मला कशाला न्हाणीघर? मी वढ्यावर न्हाते," त्या म्हणाल्या, पण अंगठा पुढे केला. "तू म्हणतीस त घे." शाईचा अंगठा त्यांनी शेजारच्या कोकराच्या पाठीला पुसला. पांढऱ्या लोकरीवर निळा ठिपका उमटला आणि संस्कृती खुदकन हसली.

दसऱ्याच्या आधी गायरानावर मोजणीवाले आले. चुन्यानं रंगवलेले दगड रोवून गेले. म्हाळूभाऊंनी विचारलं तर त्यांना सांगण्यात आलं, गावाचा ठराव आहे. मोहिनीताईंनी माहितीच्या अधिकारात नक्कल काढली आणि माझ्या हातात दिली. त्या कोऱ्या वीतभर जागेत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, गायरान सौर प्रकल्पास देण्यास महिलांची हरकत नाही. सूचक, वैष्णवी शिवशंकर. अनुमोदक, सत्यभामा म्हाळू. मी ते तीनदा वाचलं. ज्या बाईचं रान जाणार, तिचाच अंगठा ते देऊन टाकायला लावला होता, आणि तो मी आणला होता.

म्हाळूभाऊंच्या नावानं तक्रारीचा अर्ज मीच लिहिला. पण त्या अर्जात मी एवढंच लिहिलं होतं की अशी सभा झाली नाही. सह्या कुणी घेतल्या, ते लिहिलं नव्हतं.

हे सगळं दादांना माहीत होतं. दादा म्हणजे माझे सासरे, मोहनराव. दहा वर्षं सरपंच होते. आता पद राखीव झालंय, तरी ग्रामसेवक आधी आमच्या ओसरीवर येतो आणि मग ऑफिसात जातो. घरात सगळे त्यांना दादाच म्हणतात, संस्कृतीसुद्धा. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. बोलायचं ते संस्कृतीच्या मार्फत. "संस्कृती, तुझ्या आईला म्हणावं, भाजीत मीठ कमी हाय." ती बोलायला लागायच्या आधीपासून ते तिच्याकडे बघूनच बोलत, आणि ती पाळण्यातून ऐकून घेई. त्यांचा जीव आहे तिच्यावर. बाजाराच्या दिवशी वडवणीहून येताना गोडीशेवेचा पुडा आणतात. मी तिला शिकवलंय, कुणी काही दिलं तर आधी आईला विचारायचं. ती देवळातल्या प्रसादालाही माझ्याकडे बघते. फक्त दादांच्या पुड्याला तिनं कधी विचारलं नाही.

दादा वाईट आहेत असं मला लिहिता आलं असतं तर ते अर्धं वाक्य लवकर पुरं झालं असतं. पण शेताची वीज आमच्याकडे रात्री येते. माझा नवरा पाणी द्यायला रात्री बॅटरी घेऊन जातो, आणि तो परत येईस्तोवर मी कडीकडे कान लावून पडते. दादा म्हणतात, प्रकल्प आला की वीज दिवसा येईल. ते खोटं नाही. पण टेकडीच्या अंगाला आमचंच आठ एकर मुरमाड पडून आहे, तिथं काय पिकतंय? हे मी एकदा नवऱ्याकडून विचारून पाहिलं. दादा टोपी घालून पाराकडे निघून गेले होते.

त्या संध्याकाळी त्यांनी जेवता जेवता ताटातली भाकरी मोडली आणि एक घास संस्कृतीला दिला.

"संस्कृती, तुझ्या आईला म्हणावं, उद्या सायबानं इचारलं त सभा झालती म्हणायचं. इषय संपला. न्हाई म्हणलं, त मग सह्या कुणी आणल्या तेच आधी बघत्यात. ग्रामसेवक सुटतोय. सुटत न्हाई ती आणणारी."

आवाज चढलेला नव्हता. काळजीच होती त्यात, आणि तीच मला जड गेली. संस्कृती घास चावत माझ्याकडे वळली. तिला जेवढं पेललं तेवढं तिनं आणून दिलं. "आई, दादा म्हणत्यात सभा झालती म्हण."

मी तिला पाणी दिलं.

जेवणाआधीच मी मोहिनीताईंना फोन केला होता. मला वाटत होतं, त्या म्हणतील खरं सांग, म्हणजे मी त्यांच्या सांगण्यावरून सांगितलं असं होईल. किंवा म्हणतील सांभाळून घे. त्या म्हणाल्या की संस्था माझ्यासोबत उभी राहील, वकील बघेल, पण सही घेणारा हात माझा होता आणि त्याचा जाब मलाच द्यावा लागेल. "काय बोलायचं ते मी सांगणार नाही, वैष्णवी. मी सांगितलं तर ती साक्ष माझी होईल."

फोन ठेवला तोवर परसात सत्यभामामावशी आल्या होत्या. त्यांच्या हातात शेळीच्या दुधाचा लोटा होता. संस्कृतीला खोकला आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दूध ओतून घेताना त्यांनी हळूच विचारलं, "शहादेव म्हणत व्हता, उद्या सभा न्हाई झाली असं निघालं त तुला पोलीस नेत्यात. खरं हाय का?"

तसं लगेच काही होत नाही, असं मी म्हणाले. पण माझा आवाज मलाच पटला नाही. त्यांनी ओट्यावर बसलेल्या संस्कृतीकडे पाहिलं.

"केवढंसं लेकरू हाय," एवढंच म्हणाल्या आणि रिकामा लोटा घेऊन गेल्या.

सकाळी सासूबाई एकट्याच कापूस वेचायला निघून गेल्या. एरवी संस्कृतीला त्या नेतात. नवऱ्यानं गाडी पुसता पुसता सांगितलं, "काय बोलायचं ते बोल. पण पोरीला तिथं नेऊ नको." कुणाकडे ठेवू, ते त्यानं सांगितलं नाही. मी तिची वेणी घातली, लाल रिबीन बांधली आणि तिला घेऊन गेले.

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात टेबल मांडलं होतं. साहेब वेळेवर आले. चष्मा खिशातून काढून त्यांनी रजिस्टर उघडलं. एका बाजूला बाया पदर पुढे ओढून बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला पुरुष. दादांसाठी खुर्ची ठेवली होती, पण ते पारावर बसले. तिथून सगळ्या बाया त्यांना दिसत होत्या, आणि सगळ्या बायांना ते. नवरा मागे गाडीला टेकून उभा होता. अडतीसपैकी अकरा जणी कोयत्याला, ऊसतोडीला, गेलेल्या. उरल्या सत्तावीस.

साहेबांनी सांगितलं, सूचकाला ते शेवटी विचारतील. म्हणजे मला.

नावं पुकारली जाऊ लागली. प्रत्येकीला एकच प्रश्न, सभेला हजर होता का? शहादेव बोट करून कोण कुठे बसलंय ते दाखवत होता. पहिली म्हणाली, "व्हते." दुसरी म्हणाली, "व्हते की." गयाकाकूंचं नाव आलं. त्यांनी पाराकडे पाहिलं, मग चपलेकडे, आणि म्हणाल्या, "व्हते." प्रत्येक उत्तराला साहेब पेन्सिलनं बारकी खूण करत. खुणा सरळ एकाखाली एक उतरत होत्या. संस्कृती माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या मोजत होती. तिला सहापर्यंत येतं, आणि सहा झाल्या की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

मला राग आला नाही. माझ्याच बैठकीतल्या बाया होत्या त्या. मी त्यांना ग्रामसभेत बोलायला शिकवलं होतं. सासऱ्यासमोर बोलायला मी तरी कुठं शिकले होते?

"सत्यभामा म्हाळू. अनुमोदक."

त्या उठून उभ्या राहिल्या. मंडपाच्या कडेला म्हाळूभाऊ काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. अर्ज त्यांचा होता. सगळं या उत्तरावर होतं. बाकीच्या सगळ्यांनी होकार दिला असता तरी अनुमोदकच नाही म्हणाली असती, तर ठराव डळमळला असता.

साहेबांनी विचारलं, "अंगठा तुमचा?"

"माझाच."

"सभेत दिला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या मांडीकडे. लाल रिबिनीकडे.

"व्हय, सायेब. सभा झालती. मी सभेतच दिला."

म्हाळूभाऊंची काठी जमिनीवर सरकली. पारावर दादांनी डोळे मिटून उघडले. साहेबांनी कपाळाला आठी घालून अर्ज पुन्हा वाचला. नवऱ्याची तक्रार, आणि बायको म्हणते सभा झाली. पण त्यांनी खूण केली. मावशी खाली बसल्या आणि त्यांनी पदराचं टोक दातात धरलं.

पासष्ट मेंढरं. हिवाळा पुढे होता, मग उन्हाळा. ती कुठं नेणार होत्या त्या? माझ्या लेकराची आई घरात राहावी म्हणून त्यांनी आपलं रान दिलं होतं, सगळ्या गावासमोर, एका वाक्यात. न्हाणीघराचं म्हणून मी सांगितलं तेव्हा जसा अंगठा पुढे केला होता, तसाच.

"वैष्णवी शिवशंकर."

मी संस्कृतीला गयाकाकूंच्या मांडीवर दिलं आणि उभी राहिले. साहेबांनी तोच प्रश्न विचारला.

"सभा झाली नाही," मी म्हणाले. "त्या दिवशी पंचमी होती. मी रजिस्टर घेऊन झोक्यापाशी बसले होते. सह्या मी घेतल्या. न्हाणीघरांसाठी म्हणून घेतल्या. तेव्हा वरची जागा कोरी होती. सत्यभामामावशींचा अंगठा मी गायरानावर जाऊन आणला. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

देवळाच्या घंटेवर बसलेलं कबूतर उडालं.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "ताई, विचार करून बोला. सभेशिवाय हजेरीच्या सह्या घेणं म्हणजे काय, कळतं ना?"

"कळतं."

"सह्या खोट्या आहेत असं म्हणायचंय?"

"सह्या खऱ्या आहेत. सभा खोटी आहे."

मी पाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित पुढचं बोलता आलं नसतं. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नवरा निघून गेला, की नुसतंच इंजिन सुरू करून थांबला, ते कळलं नाही.

तेवढ्यात गयाकाकू बसल्या जागेवरून बोलल्या. "सायेब, मी त दोनदा झोक्यावर बसले त्या दिवशी. एकदा सही झाल्या झाल्या, एकदा नंतर."

बायांच्या बाजूनं हसू फुटलं आणि लगेच पदरात गेलं.

"मघाशी तर हजर होते म्हणालात."

"मघाशी भेव वाटलं. आता तिनं सोताचंच सांगितलं, त आमी कावून झाकावं?"

साहेबांनी सगळ्यांना पुन्हा विचारलं. सात जणींनी उत्तर बदललं. बाकीच्या खाली बघत राहिल्या, आणि त्यांच्या खुणा तशाच राहिल्या. सत्यभामामावशींना विचारलं तेव्हा त्या उठल्याही नाहीत. म्हणाल्या, "ती म्हणतीय तेच."

साहेबांनी माझा जबाब लिहिला आणि कागद माझ्यासमोर सरकवला. मी तो शब्दन् शब्द वाचला. जबाबाची शेवटची ओळ आणि सहीची जागा यांमध्ये चार बोटं अंतर होतं. मी पेन घेतलं, त्या जागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली, आणि मग सही केली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चौकशीचा अहवाल वर जाईपर्यंत ठरावाला स्थगिती राहील, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मला हळू आवाजात सांगितलं, "तुम्हाला नोटीस येईल. पुढचं वरिष्ठ ठरवतील."

मंडप रिकामा होत होता. सत्यभामामावशी माझ्याजवळ आल्या. चिडल्या होत्या.

"कावून बोललीस? मी झाकलं व्हतं की."

"मावशी, मेंढरं कुठं नेली असती?"

त्यांनी संस्कृतीच्या डोक्यावर हात ठेवला, रिबीन जराशी ओढून सरळ केली आणि म्हाळूभाऊंच्या मागे चालू लागल्या.

घरापर्यंतचा रस्ता रोजचाच, पण लांबला. पिठाच्या गिरणीपाशी दोघं जण बोलत होते, आम्हाला पाहून थांबले. संस्कृती हात धरून उड्या मारत होती. मध्येच तिनं विचारलं, झोका परत कधी बांधणार. पुढच्या पंचमीला, मी म्हणाले. त्याचं उत्तर मला येत होतं.

दादा आमच्या आधी पोचले होते. ओसरीवर बसले होते, टोपी काढून शेजारी ठेवली होती. सासूबाई अजून रानातून आल्या नव्हत्या. नवऱ्याची गाडी दारात नव्हती. मी पायरीशी थांबले. ते काहीतरी म्हणतील याची वाट बघत राहिले. संस्कृती, तुझ्या आईला म्हणावं, माहेरी चौसाळ्याला जा. किंवा, तुझ्या आईला म्हणावं, हात-पाय धुऊन घे, भाकरी टाक. काहीही चाललं असतं. त्यांचा निरोप आला असता, म्हणजे मी अजून त्या घरात आहे हे तरी कळलं असतं.

ते काहीच बोलले नाहीत. संस्कृतीकडे पाहूनही बोलले नाहीत.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. कालच बाजार झाला होता. कालच्या गडबडीत द्यायचा राहिलेला पुडा होता तो, कागदाला तेल सुटलेलं. त्यांनी तो पुढे धरला.

एरवी ती धावत गेली असती. आज दोन पावलं गेली आणि थांबली. पुड्याकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे.

"आई, घेऊ का?"